बिनमिठाचा वाढदिवस

ही घटना खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी.

साक्षीदार म्हणून लल्ला झहोर आहेत (लल्ला म्हणजे बाई). वय सत्तरीपुढचं, पाच वेळच्या नमाजी, आणि सले शहरात त्यांना खोटं बोलताना आजवर कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा त्यांच्या शब्दावर शंका घेऊ नये.

फक्त, घटना घडली तेव्हा त्या तिथे नव्हत्या.

तिथे होती त्यांची सून नझीहा. ती विद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिला विचारलं तर म्हणते, "तसं काही झालं नाही." मग जरा थांबून म्हणते, "आणि झालं असलं तरी मुलं लहान होती."

दिवस फेब्रुवारीतला शनिवार. ठिकाण, समुद्राच्या ओलीनं पोपडे धरलेल्या एका इमारतीचा चौथा मजला. वेळ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, जराशी आधीची… जेव्हा सलेतल्या आया मुलांना हाका मारून घरात घेतात.

नझीहाची लेक कौसर त्या दिवशी पाच वर्षांची होणार होती.

ईदनंतर हे कुटुंब या इमारतीत राहायला आलं, तेव्हापासून तिला एकही मैत्रीण मिळाली नव्हती. खाली अंगणात मुलं खेळायची आणि ही बाल्कनीच्या गजांतून बघायची. तिला सगळ्यांची नावं पाठ होती. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "जादूगार. सगळ्यांनी जादूगार व्हायचं."

"बरं."

"आणि सगळे यायला हवेत."

हे दुसरं वाक्य नझीहाच्या छातीत रुतून बसलं. म्हणून तिनं हा वाढदिवस हातचं काही राखून न ठेवता करायचा ठरवला.

पोशाखाचा खर्च नव्हता. इतरत्र जादूगाराचा टोकदार टोपीचा झगा भाड्यानं आणावा लागतो. सलेत तो जेलाबा म्हणून प्रत्येक आजोबांच्या खुंटीला टांगलेला असतो. नवऱ्याच्या, म्हणजे मुनीरच्या तपकिरी जेलाब्यावर तिनं सोनेरी कागदाचे तारे चिकटवले आणि त्याला कापसाची दाढी लावली. भिंतींवर सात रंगांची कापडं सोडली. गूढ वास हवा म्हणून निखाऱ्यावर लोबान टाकला. दूध, खजूर, मेणबत्त्या. जादूचं मिश्रण म्हणून तांब्याच्या घंगाळात खाण्याचा सोडा, आणि शेजारी व्हिनेगरची बाटली.

दुपारी लल्ला झहोर बशीभर खारे बदाम घेऊन आल्या. खोलीभर नजर फिरवून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"हे काय लावलंयस?"

"सजावट, लल्ला."

"सात रंग. लोबान. दूध-खजूर." पुढे येऊन त्यांनी ताटातली कोंबडीच्या सारणाची एक पुडी उचलून तोंडात टाकली. चावता चावता थांबल्या. "आणि यात मीठ नाही."

"दुसऱ्या मजल्यावरच्या यह्याचं मूत्रपिंड नाजूक आहे. त्याला मीठ चालत नाही. एकट्याला वेगळं ताट दिलं तर बिचारा खट्टू होईल, म्हणून सगळ्यांचंच बिनमिठाचं केलं."

"पोरी, बिनमिठाचं कुणाला वाढतात ते माहीत आहे ना?"

नझीहाला माहीत होतं. सलेत सगळ्यांना माहीत असतं. त्यांचं नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं की जिन दारात उभे. म्हणून माणसं 'ती मंडळी' म्हणतात. त्या मंडळींना मीठ सोसत नाही.

"लल्ला, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय, त्यांच्यातलाच असेल एखादा." लल्लांनी चप्पल पायात सरकवली. "हा वाढदिवस नाही. हे तू त्यांना धाडलेलं आवतण आहे. अल्ला सांभाळो."

जाताना त्यांनी आपले खारे बदाम परत नेले. या बदामांवर पुढे कुटुंबात बरीच चर्चा झाली.

खरा घाव मात्र तिसऱ्या मजल्यावरून आला.

तिसऱ्या मजल्यावर हज्जा तौरिया राहतात. इमारतीचं मत त्या बनवतात, बाकीचे ते वापरतात. 'छोट्या जादूगारांनो, या' असं आमंत्रण वाचून त्यांनी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर आपल्या आवाजातला संदेश टाकला. भरपूर लांब. जादूटोणा हे पाप, लेकरांना त्याची गोडी लावणारी आई कसली, आणि अशा घरात मूल पाठवणारी आई तरी कसली.

मग निरोप यायला लागले.

यह्याला ताप आहे. जुळ्यांना ताप आहे. तळमजल्यावरच्या मुलीला ताप येईल असं वाटतंय.

एका इमारतीत एका दुपारी इतका ताप कधी आला नव्हता.

कौसर जेलाबा घालून दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. टोपी डोळ्यांवर आलेली. ती रडत नव्हती. ती वाट बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"मम्मा, त्यांना रस्ता सापडला नसेल."

"एकाच इमारतीत राहतात, बाळा."

"मग जिना सापडला नसेल."

मुनीर दाढीतून हळूच म्हणाला, "रद्द करू या. लल्लांकडे जाऊ. तिथे निदान खारे बदाम आहेत."

"रद्द होणार नाही," नझीहा म्हणाली.

"अगं, पण कोण आहे?"

नझीहानं दार सताड उघडलं. बाहेर अंधारत आलं होतं. ती जिन्याच्या कठड्याशी गेली आणि खाली तोंड करून, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली,

"माझ्या मुलीचा वाढदिवस आहे. दार उघडं आहे. ज्यांना घरात कोंडून घातलंय ते बसोत. बाकी ज्यांना कुणाला यायचं असेल, त्यांनी या. सगळ्यांना आमंत्रण आहे."

मगरिबची वेळ. उंबऱ्यावर उभं राहून. बिस्मिल्ला न म्हणता.

मुनीरचा चेहरा दाढीपेक्षा पांढरा झाला.

"नझीहा… तू काय बोललीस?"

तेवढ्यात जिन्यातला दिवा लागला.

हा दिवा तळमजल्यावरचं बटण दाबल्याशिवाय लागत नाही, आणि थोड्या वेळानं आपोआप विझतो. नझीहानं वाकून पाहिलं. बटणाशी कुणी नव्हतं.

मग पावलं वाजली…

लहान पावलं. बरीच. अनवाणी. पायऱ्यांवर ओले तळवे आपटावेत तसा आवाज. पहिला मजला. दुसरा. हज्जा तौरियांच्या दारापाशी पावलं जरा रेंगाळली आणि पुढे निघाली.

जिना रिकामा होता.

आवाज नझीहाच्या पायांशी येऊन थांबला. गार वारा तिच्या कमरेच्या उंचीवरून आत शिरला. त्याला विहिरीतल्या ओल्या दगडाचा वास होता.

दिवा विझला.

आत कौसर स्टुलावरून उठली. तिनं टोपी सरळ केली.

"मम्मा," ती म्हणाली, "त्यांना बसायला सांग ना."

मुनीर स्वयंपाकघराकडे धावला आणि मिठाचा डबा घेऊन आला.

"मूठभर टाक उंबऱ्यावर. आत्ताच्या आत्ता निघून जातील."

नझीहानं डबा हातात घेतला. झाकण उघडलं. मूठही भरली.

आणि तिला हसू ऐकू आलं…

कौसरचं. ईदनंतर पहिल्यांदाच. खोलीच्या मधोमध उभी राहून ती डोळे मिटून अंक मोजत होती, आणि भिंतीवरची कापडं एकेक करून फुगत होती. कुणीतरी त्यांच्यामागे लपत असावं तशी. अगदी खालून फुगत होती. पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवर.

नझीहानं मूठ डब्यात सोडली. झाकण लावलं. डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"मी आमंत्रण दिलं. ते आले. ज्यांना आधी दिलं होतं ते आले नाहीत. यात बेअदबी कुणी केली, सांग."

"ही माणसं नाहीत, नझीहा."

"खाली राहतात ती तरी कुठं आहेत? जा, दूध ओत."

तिनं वर्गातल्यासारखी टाळी वाजवली.

"चला, सगळ्यांनी हात धुवा," तिनं खोलीला सांगितलं.

न्हाणीघरातला नळ सुरू झाला… बऱ्याच वेळानं बंद झाला.

मग तिनं जादू दाखवली. घंगाळात व्हिनेगर ओतलं आणि फेस फसफसत काठावरून उतू गेला. खोलीत क्षणभर काहीच हललं नाही. मग चारही बाजूंनी एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज आला. वर्गात असा आवाज तिनं नोकरीच्या सगळ्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. तिला थोडं बरं वाटलं.

केक मांडला. मेणबत्त्या लावल्या. कौसरनं गाल फुगवले…

आणि तिनं फुंकायच्या आधीच ज्योती तिच्या दिशेला झुकल्या. पलीकडून. सगळ्या विझल्या.

कौसरनं फुगवलेले गाल सोडले आणि आईकडे पाहिलं.

नझीहानं काडेपेटी घेतली आणि एकेक मेणबत्ती पुन्हा लावली. मग टेबलाच्या रिकाम्या बाजूकडे बघून म्हणाली, "ज्याचा वाढदिवस, त्यानं फुंकायचं. हे घरी शिकवलेलं नाही का कुणी?"

मुनीरनं डोळे मिटून घेतले.

ज्योती उभ्या राहिल्या, काचेआड असाव्यात तशा सरळ. वाऱ्याची झुळूकसुद्धा थांबली. कौसरनं फुंकर मारली. मेणबत्त्या तिच्याकडूनच विझल्या.

खाणं ताटात जसंच्या तसं दिसत होतं. मुनीरनं धीर करून केकचा तुकडा तोंडात घातला.

"याला चवच नाही."

"मीठ घातलेलं नाही."

"केकला?"

केकमधली साखर नझीहानं स्वतः मोजून घातली होती.

इथवर सगळं निभावलं. पण निरोप घ्यायची वेळ आली, आणि तिनं पाहिलं, की कौसर दारात बसून बूट घालते आहे.

"कुठं निघालीस?"

"त्यांच्याकडे. ते म्हणतात, आता आमच्या घरी चल. खाली आहे त्यांचं घर."

"तळमजल्यावर?"

"त्याच्या खाली."

या इमारतीला तळघर नाही.

कौसरचा एक हात वर उचललेला होता. बोटं मिटलेली. कुणीतरी धरलेला हात असतो, तसा.

मिठाचा डबा वरच्या फळीवर होता. त्यासाठी दोन खोल्या ओलांडाव्या लागल्या असत्या. नझीहानं लेकीचा दुसरा हात धरला आणि ती तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आज नाही," ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली. "आमच्यात मुलं एकटी कुणाकडे जात नाहीत. मोठ्या माणसांनी येऊन विचारायचं असतं. जा, आईला पाठव."

मुनीर भिंतीला टेकला. "आईला? तू आईला बोलावलंस?"

जिन्यातला दिवा लागला…

एकच पाऊल वाजलं. मग बऱ्याच अंतरानं दुसरं. जड. एकेक पायरी दमानं चढणारं. इमारतीतल्या एकाही दारामागून आवाज येत नव्हता. ताप आलेली मुलंसुद्धा चिडीचूप होती.

पाऊल दारासमोर थांबलं.

समोर काहीच नव्हतं. फक्त दिव्याचा उजेड तेवढ्या जागेतून पलीकडे जात नव्हता.

नझीहानं घसा खाकरला. आणि कुठल्याही वाढदिवसाच्या शेवटी कुठलीही आई दारात जे बोलते, तेच बोलली.

"या, बाई. मुलं गुणी आहेत तुमची. एकानं मेणबत्त्या फुंकल्या, पण चालायचंच. हात न सांगता… म्हणजे सांगितल्यावर लगेच धुतले." तिनं उरलेल्या बिनमिठाच्या पुड्या आणि खजूर एका बशीत घातले आणि बशी उंबऱ्याबाहेर ठेवली. "हे घरी न्या. पण माझी मुलगी येणार नाही. राग मानू नका. मी तिला हज्जा तौरियांकडेसुद्धा पाठवत नाही."

काही क्षण दिवा बारीक किणकिणत राहिला.

कौसरचा उचललेला हात खाली पडला. धरलेला सोडावा, तसा.

मग पावलं उतरू लागली. एक जड, बाकी हलकी. पहिल्या मजल्याखाली, तळमजल्याखाली… आणखी बऱ्याच पायऱ्या ऐकू येत राहिल्या.

नझीहानं बशी बाहेरच राहू दिली आणि दार लावून घेतलं.

सकाळी गटावर हज्जा तौरियांचा संदेश होता. रात्री डोक्यावर चाळीस मुलं नाचवली, बाहेरून कुणाची कार्टी गोळा केली होती, आणि जिन्यात ओले पाय कुणी उमटवले, याचा खुलासा व्हावा.

नझीहानं लिहिलं, "पाहुणे होते. तुमच्या दाराशीही थांबले होते. तुम्ही उघडलं नाहीत."

त्यानंतर हज्जा तौरियांनी त्या विषयावर काही म्हटलेलं नाही. दाराला त्यांनी दुसरी कडी बसवली.

उंबऱ्यावर बशी होती. घासलेली. सलेत कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत; या बशीतही एक खजूर होता. ताजा, झाडावरून त्याच पहाटे उतरवल्यासारखा. फेब्रुवारीत, जेव्हा झाडांवर खजूर नसतात. मुनीर म्हणाला, फेकून दे. नझीहा म्हणाली, शेजाऱ्यांनी दिलेलं फेकत नाहीत. तो अजून फ्रिजमध्ये आहे. सुकत नाही, नासत नाही. ती कधीकधी फ्रिज उघडून त्याच्याकडे बघते आणि कशासाठी उघडला होता ते विसरते. विद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो तपासता येईल. तिनं नेलेला नाही.

सोमवारी यह्यानं जिन्यात कौसरला गाठलं. दोन मजले वरून ऐकू आलेली मजा त्याला सहन झाली नव्हती.

"तुझ्याकडे कोण आलं होतं?"

"मित्र," कौसर म्हणाली.

"मला नाही बोलावलंस?"

"तुला ताप होता."

यह्यानं या गोष्टीचा विचार केला. मग घरी जाऊन रडारड केली, इतकी, की त्याची आई स्वतः चौथ्या मजल्यावर आली. यह्याच्या वाढदिवसाला कौसरनं नक्की यायचं, असं सांगून गेली. जाताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी नेमकं काय काय मांडलं होतं.

नझीहानं सगळं सांगितलं. मिठासकट.

मे महिन्यात यह्याचा वाढदिवस झाला. कौसर गेली होती. विषय डायनासोर होता, पण भिंतींवर सात रंगांची कापडं होती आणि दार सताड उघडं.