मास्तरांच्या आवाजाचा मीटर

पटो न पटो, हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं ती माझी मावसबहीण. चाळिशी ओलांडली तरी आम्ही तिला छोटीच म्हणतो.

वेळही सांगते. मंगळवार. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन.

भुतं रात्रीच येतात असं ज्याने ठरवलं, त्याने भुतांना विचारलं नसावं.

छोटी गाड्यांचं वायरिंग करते. घरांचंही करते. दोन्ही कामं तिला सासऱ्यांनी शिकवली. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची एक सवय होती. कुठल्याही कामाआधी करंट-व्होल्ट मोजायच्या मीटरची चकती बीपवर ठेवायची आणि दोन्ही वायरींच्या पिना एकमेकींना टेकवायच्या. दोनदा.

टीं... टीं.

"आधी मीटर तपास, मग वायर," ते म्हणायचे. "मीटरच खोटं बोलला, तर कोणाच्या तोंडाकडे बघशील?"

गेल्या वर्षी घाईत, एकदाच, त्यांनी हे केलं नाही.

गाडीच्या बॅटरीचा करंट मोजताना लाल वायर मीटरच्या अँपिअरच्या भोकात घालावी लागते. काम झालं की काढून पुन्हा व्होल्टच्या भोकात. ती तशीच राहिली. तसाच मीटर त्यांनी एका घराच्या चालू बोर्डाला लावला.

त्या भोकातून वीज अडथळ्याविना थेट धावते. भडका उडाला. मास्तर स्टुलावरून खाली आले ते पुन्हा उठले नाहीत.

घरात उरले सासूबाई, नवरा आणि छोटी. त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नसे. वर्षभर छोटीने इकडूनतिकडून मीटर मागून आणून कामं केली. मग एकदाची नवा घ्यायला गेली.

दुकानदार ओळखीचा. त्याने दोन मीटर पुढे ठेवले.

"वहिनी, हा चिमट्याचा घ्या. वायरीभोवती नुसता अडकवायचा, करंट कळतो. भोकं बदलायची भानगडच नाही. गाडीला चालतो, घरालाही चालतो."

"आणि हा?"

"हा साधा. आत धड फ्यूजसुद्धा नाही. मास्तरांकडे होता तसलाच. खरं सांगू? घेऊ नका."

"विकायला बसलायत की गिऱ्हाईक पळवायला?"

हसत हसत छोटीने साधा मीटर उचलला. वायरी अजून वेगळ्या पिशवीत बंद होत्या.

आणि मीटर वाजला...

टीं... टीं.

तोच आवाज. किंचित घोगरा. सर्दी झाल्यासारखा.

"नवा आहे... काहीतरी दाबलं गेलं असेल," दुकानदार म्हणाला. पण तो मीटरकडे बघत नव्हता.

माझी बहीण शहाणी बाई. दहा जणींना अक्कल शिकवेल. पण त्या दिवशी तिने आवाज ऐकून मीटर घेतला.

पुढचे आठ दिवस तो मधूनच वाजायचा. चकती बंदवर. वायरी गुंडाळलेल्या. आणि हत्यारांच्या पिशवीच्या तळातून... दोनदा.

"ऐकलंस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. तिसरीची वाट बघतोय," तो म्हणाला.

छोटीला भीती वाटली नाही. उलट धीर आला. मास्तर पाठीशी आहेत, असं वाटलं.

मग तो मंगळवार.

नवऱ्याच्या गॅरेजात एक गाडी आली होती. उभ्या उभ्या बॅटरी उतरायची. छोटीने लाल वायर अँपिअरच्या भोकात घातली, करंट मोजला. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाई धावत आल्या. अर्ध्या घराची वीज गेली होती, आणि आत आजारी आई. छोटीने मीटर उचलला आणि निघाली.

स्टूल. उघडा बोर्ड. मेन चालू.

सवयीने तिने चकती बीपवर ठेवली. पिना टेकवल्या.

टीं... टीं.

मीटर ठीक. चकती व्होल्टवर फिरवली. पिना पुढे नेल्या. बोटभर अंतर उरलं...

फोन वाजला. नवरा.

"अगं, गाडीवाला आलाय. किती अँपिअर खात होती गाडी?"

"थांब, सांगते..." म्हणत तिने मीटरकडे पाहिलं.

लाल वायर अँपिअरच्या भोकात होती.

 छोटी स्टुलावरून उतरून जमिनीवरच बसली.

वायर राहिली, ती चूक तिची. माणूस विसरतो. पण वायर त्या भोकात असताना बीप वाजूच शकत नाही. पिना कितीही टेकवा. मीटर मुका राहतो. मास्तरांची सवय होती ती नेमकी यासाठी.

तिने तिथेच पुन्हा चकती बीपवर ठेवली. पिना टेकवल्या.

शांत.

पुन्हा टेकवल्या.

शांत.

मग मघाशी "सगळं ठीक आहे, लाव" असं तिला कोणी सांगितलं...?

घरी येऊन तिने सगळं बोलून टाकलं. नवरा पांढराफटक पडला. "उद्याच तो चिमट्याचा आणू. हा टाकून दे आधी."

सासूबाईंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं.

"दोनदा वाजला?"

"हो."

"आणि बोर्डाशी तू एकटीच होतीस?"

"हो."

"तुला बोलावलं होय..." त्या हळूच म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार माझ्याशी केला. मला एकदासुद्धा हाक नाही."

छोटीने मीटरमधला सेल काढला. मीटर कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी चिमट्याचा आणला.

संध्याकाळी पाहते, तर जुना डब्यात नव्हता. सासूबाईंच्या उशाशी होता. नीट पुसलेला.

"असू दे गं. तुमच्या काय कामाचा आता?"

काढून घ्यायचा धीर कोणालाच झाला नाही.

आज सकाळी छोटी चहा घेऊन त्यांच्या खोलीशी गेली. दार लोटलेलं होतं. आतून...

टीं... टीं.

आणि सासूबाईंचा आवाज. इतका हलका, इतका तरुण, की छोटीला आधी ओळखूच आला नाही.

"आले हो. जरा थांबा, केस तेवढे विंचरते."

छोटीने चहा जमिनीवर ठेवला आणि दार ढकललं. सासूबाई खिडकीशी बसून खरंच केस विंचरत होत्या. अगदी सावकाश.

हे तिने मला आत्ता फोनवर सांगितलं. आज ती कामाला गेलेली नाही. सासूबाईंना लगटून बसली आहे, त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून.

"ताई, त्यांना जायचंय. मी पदर सोडू का नको?" तिने विचारलं.