रिकाम्या तारेवरचे चिमटे

“सगळे चिमटे मेलीनंच काढून नेले असणार बघा! मालकाची मुकादम ती, तिला कुठं आपलं बरं बघवणार?”

वाळत घातलेल्या ओल्या चादरीच्या पलीकडून आलेला तो आवाज ओळखायला थोरलीला क्षणही लागला नाही. रोज सकाळी ‘वहिनी, साखर कुठं ठेवलीत?’ म्हणून घर डोक्यावर घेणारा, तिच्या धाकट्या जावेचा आवाज!

थोरली होती तिथंच थिजली. तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात ते चिमटे होते... कपडे वाळत घालायचे, साधे लाकडी चिमटे. लाँड्रीतल्या बॉयलरच्या मागची ती जुनी तार कुणी वापरत नसे. मघाशी येता येता तिला त्या तारेवर चिमट्यांची रांग दिसली आणि हात आपोआप पुढं झाला. कपड्याविना चिमटा दिसला की तो डब्यात गेलाच पाहिजे, हा तिचा घरीदारी एकच धर्म!

“तार भरली होती हो, मावशी!” धाकटी रडवेली होऊन सांगत होती. “युनियन करायची तर सगळ्यांनी, नाही तर कुणीच नाही, असं ठरलं होतं ना? जिला मान्य तिनं गुपचूप एक चिमटा लावायचा. सगळ्यांनी लावला! आणि आता रिकामी तार बघून इस्त्रीवाल्या म्हणतात, बाकीच्या फिरल्या, मग आम्हीच कशाला मालकाच्या तोंडी जायचं? झालं! इस्त्रीच्या प्रेसची ती बिघडलेली झडप तशीच राहणार, आपले हात भाजणार, औषधपाणी आपणच करायचं, वर जळलेल्या कापडाची भरपाईही आपणच द्यायची!”

थोरलीनं खिशातले चिमटे मुठीत धरले. आपण चिमटे कुठले काढले, आपण तर या बायकांचे होकारच वेचून आणले! पण त्याहूनही खोल सलत होतं ते वेगळंच... एवढं सगळं शिजलं, आणि एका घरात राहणाऱ्या, एका चुलीवर रांधणाऱ्या जावेनं तिला त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

तिला तो दिवस आठवला. धाकटीचा हात प्रेसमध्ये भाजला, त्यासोबत हॉटेलच्या टेबलांची पांढरीशुभ्र कापडंही करपली, आणि मालक तिला कामावरून काढायलाच निघाला. थोरली त्याच्या खोलीत गेली ती या बायकांची जिवाभावाची सोबतीण म्हणून, आणि बाहेर आली ती मुकादम होऊन. बायकांवर नजर ठेवायचं ते काम कुणालाच नको होतं. धाकटीची नोकरी वाचली... आणि त्या दिवसापासून थोरली जेवणाच्या सुट्टीत एकटी डबा उघडू लागली. ती आली की हसणं थांबायचं, ती वळली की पुन्हा सुरू व्हायचं. हे कुणासाठी पत्करलं, त्याचं तिनं अवाक्षर काढलं नाही. कुणी विचारलंही नाही.

थोरलीनं चादर बाजूला सारली. धाकटी दचकून मागं सरली. घड्या घालणाऱ्या मावशींचे हात जिथल्या तिथं राहिले, आणि जिचा आवाज बॉयलरच्या आवाजालाही हार जायचा नाही म्हणून जिला सगळ्या भोंगा म्हणत, ती चक्क मावशींच्या पाठीमागं दडली!

“मला... मला ठाऊकच नव्हतं गं,” थोरलीनं ओंजळभर चिमटे पुढं केले. “मला वाटलं, कुणीतरी पसारा केलाय...”

भोंगा अशी काही हसत सुटली, की इस्त्रीच्या खोलीतल्या बायका धावत आल्या.

“अगं, कुणी फिरलं नाही! हिनं आवरलं! आवरलं हिनं आपलं बंड!”

सगळ्यांनाच हसू आवरेना. छातीवरची धोंड उतरावी तशा त्या हसत होत्या. इस्त्रीवाल्या एकमेकींच्या खांद्यावर थापा मारत होत्या. धाकटी मात्र मान खाली घालून उभी होती.

“आता हिचं काय करायचं?” मावशींनी डोळे पुसत हळूच विचारलं. “सगळ्या म्हणजे सगळ्या असं ठरलंय. मग ही आपल्यात धरायची, की मालकाकडं?”

हसणं विरलं.

“मला धरू नका,” थोरली घाईनं म्हणाली. “तुम्ही करा, खुशाल करा. मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. उद्या मालकानं विचारलं तर बोलणी मी खाईन. मला त्याची सवय आहे गं...” तिनं चिमटे मावशींच्या पदरात ओतले आणि ती जायला वळली.

“जाऊ दे,” भोंगा पुटपुटली. “शेवटी मुकादमकी स्वतःच्या हौसेनंच घेतली ना तिनं?”

“हौसेनं नाही!”

धाकटी केवढ्यानं तरी ओरडली. धावत जाऊन तिनं थोरलीचा हात धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“माझ्यासाठी घेतली! तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण ते तोंडानं कबूल केलं असतं, तर जन्मभर यांचे उपकार वागवावे लागले असते... त्यापेक्षा यांना नावं ठेवणं सोपं होतं! वहिनी, माझ्यापायी तुम्ही एकट्या पडलात, आणि मी पडू दिलं. आता तुम्ही नसाल, तर मला युनियन नको!”