बंदराचं कोरं कार्ड

तो पंखा जरा कमी करा रे, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. आणि धाकट्या, तू दाराकडे पाठ करून बसू नकोस. उगाच आपलं.

माझा एक मित्र आहे. शंभर वर्षांपूर्वीची चित्रांची पोस्टकार्डं विकतो. बंदरं, पूल, बागेत टोप्या घालून ताठ उभी राहिलेली माणसं. घेणाऱ्याला चित्र हवं असतं, मागचा मजकूर नको. म्हणून पेन्सिलीचं लिखाण दिसलं की हा पुसायचा. आधी मऊ रबर, मग हाडाची पट्टी फिरवून अक्षरांचे वळही सपाट. ती पट्टी आम्हा बाइंडिंगवाल्यांची, कागदाच्या घड्या दाबायची. युक्ती त्याला शिकवली मीच. तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होतो. आता सांगायचीही लाज वाटते.

नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. दुकान बंद करायच्या वेळेला एक माणूस आला. म्हणाला, "आमची ट्रंक मी रद्दीत दिली होती. त्यातलं बंदराचं कार्ड तुमच्याकडे आलंय म्हणे. मावशीला हवंय."

कार्ड होतं. मित्र ते घेऊन त्याच्याबरोबर गेला.

मावशी शहाऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "माझा मामा एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून जहाजावर गेला. माझी आई तेव्हा आठ वर्षांची. त्याने पाकिटातून तिला हे कार्ड पाठवलं, पण आजोबांनी ते तिला न दाखवताच ट्रंकेत कुलूपबंद केलं; हे मला आत्ता त्यांच्या जुन्या वहीतून कळलं. मामा परत आला नाही. 'दादा मला विसरला' म्हणतच आई गेली. वाचा बरं, काय लिहिलंय?"

मित्राने आठच दिवसांपूर्वी ते पुसलं होतं. पुसताना वाचलंही नव्हतं.

खरं सांगायचं ना? छे! म्हणाला, "आजी, हे कोरंच आहे. पहिल्यापासून."

"म्हणजे आईचंच खरं," आजी म्हणाली. "घेऊन जा ते. चित्राचं मी काय करू?" आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

मित्र घरी गेला नाही. दुकान उघडलं, दिवा लावला, कार्ड तिरकं धरून पाहू लागला. एखादं तरी अक्षर दिसेल म्हणून. पट्टीने काम चोख केलं होतं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

समोरच्या स्टुलावर कोणीतरी बसलं होतं.

दार आतून बंद होतं.

एकोणीस-वीसचा पोरगा. जाड कोट. कोटातून पाणी ठिबकत होतं... पण जमीन कोरडी.

"मी काय लिहिलं होतं?" पोराने विचारलं.

ह्याने कार्ड खाली ठेवलं.

"मला आता आठवत नाही. तिथंच होतं ते सगळं." बोट कार्डाकडे. "धाकटी बहीण विचारते. रोज विचारते... मी काय सांगू तिला?"

"मी... मी वाचलं नाही."

"एक शब्द तरी?"

...

"एक?"

ह्याने मान हलवली. नाही.

पोरगा चिडला नाही रे. तेच तर वाईट. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मित्र अजून म्हणतो. पोराने नुसता हात पुढे केला. ह्याचा उजवा अंगठा मुठीत धरला. गार... आणि धरून बसला. हलला नाही.

उजाडलं तेव्हा स्टूल रिकामं होतं.

तसाच उठून मित्र आजीकडे गेला. सगळं कबूल केलं. रबर, पट्टी, खोटं बोलणं. आजीने ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे काहीतरी लिहिलं होतं."

"हो आजी."

"बरं. जाताना दार ओढून घ्या."

बाहेर येऊन त्याने मला फोन करायला मोबाईल काढला. अंगठा टेकवला. उघडेना. पुसून टेकवला. उघडेना. म्हणून धावत माझ्याकडे आला. मी तो अंगठा हातात धरून, भिंगाखाली, खिडकीच्या उजेडात पाहिला.

बाकीच्या नऊ बोटांवर रेघा होत्या. त्यावर एकही नव्हती.