तुरटी टाकलेली रात्र

वीज गेलीच आहे, तर ते मोबाइलचे दिवेही बंद करा. आणि एक आधीच सांगतो, गोष्ट झाल्यावर ‘मामा, आज तुमच्याजवळ झोपतो’ म्हणून कुणी माझ्या पांघरुणात शिरायचं नाही. गेल्या खेपेला कोण शिरलं होतं ते मी सांगणार नाही. ते तिथं दाराजवळ फुशारकी मारत बसलंय.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूंवर आलेला प्रसंग आहे. साडू म्हणजे तुमच्या मामीच्या बहिणीचे यजमान. बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव साफ करायचं काम ते करतात. सरळ माणूस. भुताचं नाव काढलं की खो खो हसायचे. गेल्या नोव्हेंबरपर्यंत हसायचे.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. एका मोठ्या बंगल्यातून त्यांना गुरुवारीच बोलावणं आलं होतं. मागच्या अंगणात तलाव. वर्षभर कुणी हात लावलेला नाही, पाणी हिरवंगार, कडेला शेवाळाचे लोंबते पुंजके. घरात दोनच माणसं. एक थोरले भाऊ आणि दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची विधवा बायको. धाकटा वर्षापूर्वी याच तलावात बुडून गेला होता. सकाळी पाण्यावर तरंगताना सापडला. थोरल्यांनी सगळ्यांना सांगितलं, पिऊन उतरला होता. ती बिचारी सांगून सांगून थकली, की हा माणूस दारूला शिवत नव्हता हो! कुणी ऐकलं नाही. आणि आता थोरल्यांनी घर विकायला काढलं होतं. रविवारी सकाळी गिऱ्हाईक पाहायला येणार. घर गेलं, की ही बाई रस्त्यावर.

साडूंनी आधीचे दोन दिवस भिंती ब्रशने घासून काढल्या, संध्याकाळी क्लोरीन टाकलं. संध्याकाळीच टाकायचं, दिवसा ऊन त्याला खाऊन टाकतं. शेवाळ मेलं. पण मेलेलं शेवाळ पाण्यातच राहतं ना. हिरवं पाणी दुधाळ राखाडी झालं. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसेनात.

“याला आता तुरटी,” साडू म्हणाले. “रात्रभर पंप बंद. पाण्याला कुणी हात लावायचा नाही. सगळा गाळ खाली बसेल आणि सकाळी तळ काचेसारखा दिसेल. मग मी तो गाळ हळूच ओढून घेतो.”

“काहीही करा, पण उद्या सकाळी चकाचक पाहिजे,” थोरले म्हणाले. “आणि खाली हात घालताना जपून. तळातल्या नळीच्या तोंडावर जाळी नाहीये. पंप चालू असला तर हात ओढून घेतो, मग माणूस सुटत नाही.”

साडू हो म्हणाले आणि तुरटी पसरायला लागले. निम्मी पसरून झाल्यावर त्यांचा हात थांबला. वर्षभर पाणी हिरवं. तळ कुणालाही दिसलेला नाही. मग जाळी नाही, हे यांना कसं माहीत?

त्यांनी वळून पाहिलं. धाकट्याची बायको चहाचा कप घेऊन मागे उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

“आमचे हे दर रविवारी बुडी मारून तळ घासायचे,” ती हळूच म्हणाली. “ती जाळी त्यांनीच बसवली होती, दादा. चार स्क्रू लावून.”

थोरले तोवर आत निघून गेले होते.

साडूंनी पंपाचा फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. ही त्यांची नेहमीची सवय. तुरटीच्या रात्री कुणा हौशी माणसाने पंप लावला, तर सगळी मेहनत पाण्यात. रात्री ते पंपाच्या खोलीतच सतरंजी टाकून आडवे झाले. झोप कुठली येते! तो चहा घेऊन उभा असलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

उशिरा कधीतरी डोळा लागला, आणि पावणेतीनला त्यांना जाग आली.

पंप चालू होता.

अगदी कानाशी घरघरत होता. साडूंनी खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता. बाहेर काढून हातावर घेतला. पाहिला.

पंप चालूच.

ते बाहेर आले. अंगणात चांदणं नव्हतं, फक्त फाटकावरचा दिवा. तलावाच्या काठावर, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी थोरले उभे होते. झोपेतल्या कपड्यांत. अनवाणी.

“बंद करा तो,” ते म्हणाले.

“साहेब, मी लावलाच नाही. हा बघा फ्यूज...”

“बंद करा म्हणतो ना!”

आणि तेवढ्यात आवाज आला.

ठक.

तलावाच्या आतून. पाण्याखालून. फरशीवर मूठ आपटावी तसा.

ठक... ठक...

“ऐकू येतंय तुम्हाला?” थोरल्यांचा आवाज फाटला होता. “तुम्हालाही येतंय?”

साडूंनी मान हलवली.

“तेव्हाही असाच वाजवत होता. एका हाताने. दुसरा आत अडकलेला... मी तिथे उभा होतो. बटणाजवळ.” त्यांनी पंपाच्या खोलीकडे बोट केलं. “जाळी मी काढली. बटण मी दाबलं. आणि मग... मग वाजायचं थांबेपर्यंत...”

ठक. ठक. ठक.

“बस कर!” थोरले पाण्यावर ओरडले. “बस कर रे!”

आवाज थांबला.

पाणी हललं. त्यांच्या पायापाशी.

साडू शपथेवर सांगतात, त्यांना हात दिसला नाही. काहीच दिसलं नाही. थोरले मागे सरकू पाहत होते. पाय मात्र पुढेच जात होते. एक पायरी. दुसरी. गुडघे. कंबर. त्यांनी मान वळवून साडूंकडे पाहिलं. तोंड उघडलं...

पाणी मिटलं.

पंप बंद झाला.

...

गप्प का झालात? घाबरलात? मी नाही घाबरत. मला विचाराल तर बरं झालं. उघड सांगतो, मला त्या माणसाची काडीची दया येत नाही.

साडूंना मात्र राहवलं नाही. माणूस तो माणूस. उडी टाकली त्यांनी. दुधाळ पाण्यात काही दिसेना, म्हणून सगळा तळ हातांनी चाचपून काढला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. नळीच्या तोंडाशीही हात नेला. कुणी नव्हतं. पुन्हा बुडी मारली. कुणीच नव्हतं.

त्यांनी दार वाजवून धाकट्याच्या बायकोला उठवलं, पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी लांब बांबू घालून तलाव ढवळला. काही लागलं नाही. कुठंतरी निघून गेले असतील, सकाळी पाहू, म्हणाले. पण एका शिपायाला काठावर खुर्ची टाकून बसवलं. साडू आणि ती बाई तिथंच काठावर बसून राहिले. पाण्याला कुणी शिवलं नाही.

उजाडलं. तुरटीने काम केलं होतं. पाणी काचेसारखं.

थोरले तळाशी होते. कुशीवर, उजवा हात खांद्यापर्यंत नळीच्या तोंडात.

साडूंनी थोरल्यांचे शब्द पोलिसांना जसेच्या तसे सांगितले. जाळी थोरल्यांच्या कपाटात सापडली, स्क्रूंसकट. धाकट्याच्या नावावरचा दारूचा डाग गेला. घर विकलं गेलं नाही. ती बाई आजही तिथंच राहते. पण साडू ज्या गोष्टीने अजून झोपेतून दचकून उठतात, ती वेगळीच आहे. ती त्यांना त्या बाईने दाखवली, थोरल्यांना बाहेर काढायच्या आधी.

बघा, बांबूने ढवळल्यावर गाळ पहाटेपर्यंत पुन्हा खाली बसला होता. सगळ्या तळावर, खालच्या पायऱ्यांवर, एकसारखा मऊ थर. थोरल्यांच्या अंगावरही. म्हणजे त्यानंतर पाण्यात कुणी उतरलेलं नाही. शिपाई शपथ घ्यायला तयार होता.

आणि त्या थरात पावलं उमटली होती. अनवाणी माणसाची. नळीच्या तोंडापासून निघून, तळावरून चालत, पाण्यातल्या सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत.

तिथं ती वळून थांबली होती. दोन्ही पावलं शेजारी शेजारी. बोटं थोरल्यांकडे.