चारी दिवट्या लागल्या की

जुन्या डिझेल पिकअपला थंडीत जागं करायचं म्हणजे हट्टी म्हाताऱ्याला उठवण्यासारखं. आधी ऊब द्यायची, मग हाक मारायची. घाई केली की रुसलीच. आबांची गाडी तर वीस वर्षांची. चावी अर्धी फिरवली की बॉनेटखालचा रिले, काड्यापेटीएवढी काळी डबी, ‘टक’ करायचा आणि चारी हीटर प्लगना करंट सोडायचा. प्लग तापल्याचं सांगणारा पिवळा दिवा कधीच गेलेला. म्हणून आबांनी एक ओवी जुळवली होती. ती दोनदा म्हणायची, मगच स्टार्टर मारायचा.

ऊब धर रे लोखंडा, थंडी गेली दूर,
चारी दिवट्या लागल्या की मग काढ धूर.

आबांचा थोरला, दादा, खो खो हसायचा. “आबा, गाडी आहे की जातं?” तो ओवी कधी शिकला नाही. त्याची धाकटी बहीण मात्र ओवीही शिकली आणि पानाही धरायला शिकली. पुढे आबांचं गॅरेज तिच्याच हाती आलं. दादाने त्याच जातीची व्हॅन घेऊन माल पोचवायचं काम धरलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आबांच्या छातीत कळ आली. त्यांना पिकअपमध्ये बसवून धाकटी उघड्या दारात त्यांचे पाय चोळत राहिली. चावी दादाने फिरवली. इंजिन घरघरलं, फिरलं, पण धरलं नाही. बॅटरी उतरेपर्यंत धरलं नाही. आबांचे तळवे तिच्या हातांत गार होत गेले.

प्लग तिने आदल्याच आठवड्यात बदलले होते. माणसं जमली तेव्हा दादा खाली बघत एवढंच म्हणाला, “प्लग हिनेच बसवले होते.” तेवढं पुरलं. तेव्हापासून एकही घास तिच्या घशाखाली सरळ उतरला नव्हता.

यंदा थंडी पडली आणि गाडी पुन्हा अडली. तिने मीटर लावला. चारी प्लग ठणठणीत, फ्यूज शाबूत, बॅटरी भरलेली. रिलेची जागा मात्र रिकामी.

रिले सापडला आत, आबा बसले होते त्या सीटवर.

आपणच काढून विसरलो असू, असं म्हणून तिने तो बसवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग तिने बॉनेटला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली उशाखाली ठेवली. तिसऱ्या सकाळी साखळीवरचं दवसुद्धा मोडलेलं नव्हतं, आणि रिले सीटवर होता. गाडीचा पत्रा बर्फासारखा, पण ती डबी कोमट होती. नुकतंच कोणी उठून जावं तसं तिच्याभोवतीचं रेक्झिन दबलेलं होतं.

दादा हातात कप घेऊन अंगणात आला.

“काय मिस्त्रीणबाई, आजपण संप?”

“रिले जागेवर राहत नाही रे.”

“असं कसं? मी त्याच दुपारी परत लावला होता.”



“परत?” तिने विचारलं.

दादाने कप बॉनेटवर ठेवला.

“कधी काढला होतास?”

“आबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी. माझ्या व्हॅनचा जळला होता. म्हटलं, सकाळी आणून लावू.”

“आणि तुला माहीत असून तू स्टार्टर मारत बसलास?”

“मला वाटलं, तशीच चालू होईल.”

“तेव्हा बोलायचंस ना! व्हॅन काढली असती.”

“तोंडच उघडेना गं.”

“आणि नंतर? वर्षभर मूग गिळून बसलास? सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायला बरं तोंड उघडलं.”

“तू रडत होतीस... मग राहूनच गेलं.”

तिला वर्षभराचा एकेक घास आठवला. तिच्या पाठीवर हात ठेवून “होतं गं, चुकतं माणूस” म्हणणारा दादाही आठवला.

“बस गाडीत,” ती म्हणाली. “त्या सकाळी बसलास तसा बस.”

“रिले तर तुझ्या हातात आहे.”

“बस.”

तो बसला. दार लावून घेतलं. चावी अर्धी फिरली.

तिच्या मुठीत ‘टक’ झालं.

तिने मूठ उघडली. डबीला ना वायर, ना काही. उघडे चार पाय तळहाताला टोचत होते. डबी तापत चालली होती, चोळून चोळून तापलेल्या तळव्यासारखी.

तिच्या ओठांवर ओवी आपोआप आली. एकदा.

दुसऱ्यांदा.

‘धूर’ म्हणताच तळहातावर पुन्हा ‘टक’ झालं.

स्टार्टर फिरला. इंजिनाने पहिल्याच दमात धरलं. मागून पांढरा धूर निघाला.

तिने काचेतून आत, चावीकडे पाहिलं. दादाने तोंड झाकून घेतलं होतं.

दोन्ही हातांनी.