भुऱ्याची शिकवणी

मिठागराच्या बांधावर माझ्या भुऱ्याने त्या नव्या गड्याच्या लेंग्याचा पाय पकडला, तेव्हा मला वाटलं, आता हा हातातलं फावडं घालणार कुत्र्याच्या डोक्यात. पण तो नुसता उभा राहिला... हलला नाही, ओरडला नाही. शेवटी भुऱ्याच कंटाळला.

"कुत्रा तुजा?"

"माजाच. फाटला काय लेंगा?"

"फाटला. पन कुत्रा चांगला हाय. शिकवला नाय कोनी, येवढाच."

सुकापूरचा जगन होता तो. मुंबईला एका पारशाच्या बंगल्यावर कुत्री सांभाळून आलेला आणि आता आमच्या मिठागरावर कामाला लागलेला. मला रागच आला त्याचा. पण अडलेली मीच होते. माझं लग्न उरणला ठरलं होतं आणि होणाऱ्या नवऱ्याची बहीण आमच्या शिवाला, माझ्या भावाला, द्यायची होती. साटंलोटंच ते. एक लग्न मोडलं की दुसरंही मोडलं. सासरी कुत्रा चालणार नव्हता. भुऱ्या तर माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. दिसेल त्याच्या पायाला तोंड लावी आणि मी घरात नसले की दिवसभर रडे. बाबांनी सांगूनच टाकलं होतं, हौसा गेली की याला कर्नाळ्याच्या जंगलात सोडून यायचं. तिथे तो किती दिवस जगला असता?

"तू ठेवशील त्याला?" मी जगनला विचारलं.

"ठेवीन. पन आदी तुज्यापासून सोडवायला लागंल त्याला."

शिकवणी अजबच होती. खाणं मी द्यायचं नाही, जगनने द्यायचं. भुऱ्याने माझ्या अंगावर उडी घेतली की मी पाठ फिरवायची. तो शांत बसला की जगन लगेच सुक्या बोंबलाचा तुकडा पुढे करी. मारणं नाही, ओरडणं नाही. मागे भुऱ्या कुईंकुईं करायचा आणि इकडे माझे डोळे भरून यायचे.

"रडतंस काय?"

"नाय. वारा खारा हाय."

"मंग इकडं बघ."

"तूच बोललास ना, बघायचं नाय?"

"कुत्र्याकडं बघायचं नाय. मी काय कुत्रा हाय?"

मी हसले, वळले... आणि बघतच राहिले. त्याच्या हातांना मीठ चिकटलं होतं. ते हात मला आवडायला लागले होते. कळलं, तशी मी पुन्हा पाठ फिरवली. घरी शिवा पनवेलच्या बाजारातून आणलेला फेटा पुन्हा पुन्हा बांधून बघत होता.

हळूहळू भुऱ्याचं रडणं थांबलं. एका संध्याकाळी मी त्याला हाक मारली, तर त्याने आधी जगनकडे बघितलं.

"शिकला," मी म्हणाले.

"कदीच शिकला," जगन खाली बघत म्हणाला. "मीच त्याला मुद्दाम चुकायला लावीत व्हतो. शिकला बोललो असतो तर... तू आली नसतीस."

"मंग मनातलं बोललास क्याला नाय?"

"शिवा रोज माज्या बाजूला काम करतो, हौसा. किती खूश हाय तो."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. एवढं तरी माझ्या तोंडून निघायलाच हवं होतं. "पन शिवाचं लगीन मी नाय मोडनार."

तो भुऱ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "नको मोडू," तो म्हणाला. "मला पन तू आवडतंस. नको मोडू."

वऱ्हाड भरतीच्या वेळी मचव्यातून उरणला निघालं. बंदरावर जगन भुऱ्याला घेऊन उभा होता. भुऱ्याच्या गळ्यात दोरी नव्हती. मचवा सुटला तसा तो धावत पाण्याशी आला.

"बस," जगन म्हणाला.

तो बसला. सगळं अंग थरथरत होतं, पण बसला.

मी एक हाक मारली असती, तर भुऱ्याने पाण्यात उडी घेतली असती. जगननेही घेतली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी पदर तोंडात कोंबला आणि बंदर दिसेनासं होईपर्यंत त्या दोघांकडे बघत राहिले.