खालचं ऐका

पैज अशी लागली — नागसेनची ती रॅपची कॅसेट मी पूर्ण एक बाजू ऐकायची, अन् ठेका धरायचा न्हाई. धरला, तर बाजाराच्या दिवशी जाफराबादच्या चौकात, माइकवर, मी स्वतः रॅप करायचं. न्हाई धरला, तर नागसेननं माझ्या पार्लरात फेशियल करून घ्यायचं, पडदा उघडा ठेवून. पंच म्हणून शेजारचे महेमूदचाचा टेलर. माझा पाय हलतो का ते बघायला ते माझ्या चपलांसमोरच स्टूल टाकून बसले.

नागसेनचं टेप-मिक्सर दुरुस्तीचं दुकान माझ्या पार्लराला खेटून. मधी एक भिंत. त्या भिंतीतून इतकी वर्षं मी त्याचं नव्वद सालातलं हिप हॉप ऐकून राह्यले. अमेरिकेतली कोण कुठली पोरं, तिकडंसुद्धा कोणी विचारत नसंल. अन् रॅप असा, की आपला कंडक्टर गावांची नावं त्याहून झोकात घेतो. मी भिंतीवर थाप मारायची — ओ नागसेनराव, भोकरदनची गाडी लागली का?

"बोलणाऱ्याचं सोडा," तो म्हणायचा. "खालचं ऐका. तो ढोल... जरा उशिरा पडतो. वाटतं आता पडतच न्हाई... अन् मंग पडतो."

हे बोलताना तो हातातल्या टेपकडं बघायचा. मी त्याच्याकडं.

आता तो दुकान गुंडाळून भावाकडं नाशिकला चालला होता. टेप दुरुस्तीला येतंच कोण? पैजेतली माझी मस्ती गल्लीला दिसली. पण भिंत गप झाल्यावर मी थाप कुठं मारू... हे कोणाला विचारू?

कॅसेट सुरू झाली. मी पाय जमिनीला चिकटवले, अन् ध्यान हटावं म्हणून साक्षीच्या भुवया करायला घेतल्या. साक्षी माझी नेहमीची गिऱ्हाईक. दोऱ्याचं टोक दातात, बाकी दोरा बोटांत. बाजू संपली. पाय बिलकुल हलला न्हाई. मी जिंकल्यासारखी हसले.

"ताई," साक्षी भुवई चोळत म्हणली, "दोरा तर ढोलावर चालला. ढोल थांबला की तुम्ही थांबल्या, पडला की ओढला."

चाचांनी चष्मा वर केला. "हार गई बेटी तू."

नागसेन पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघत होता. अन् हसत नव्हता.

बाजाराच्या दिवशी त्याचा टेम्पो भरून चौकात उभा होता. जाता जाता स्पीकर त्यानंच जोडून दिला. कॅसेट लागली. मी माइक धरला.

"भुवया करते बराबर, दोरा धरते दाती,
शेजारी एक मिस्त्री हाय, त्याची... त्याची..."

यमक पळालं. कांदे विकणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. अख्ख्या गल्लीला उल्लू बनवणारी मी, अन् माइक धरून टेम्पोकडं बघत राह्यले. खाली ढोल थांबला होता. आता पडतच न्हाई...

"जाऊ नको ना, नागसेन."

ढोल पडला.

"ये कैसा रॅप?" चाचांनी विचारलं.

"रॅपर लई कच्ची हाय, चाचा." नागसेन टेम्पोवर चढला. "पण खालचं ऐका ना."

अन् त्यानं पहिलं खोकं उतरवून माझ्या हातात दिलं.